दात घासणे आणि माउथवॉश: आधी काय, नंतर काय?

माउथवॉशची बाटली पहिल्यांदाच घरी आणणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो की आधी दात घासावेत, मग पाण्याने खळखळून चुळा भराव्यात आणि सर्वांत शेवटी माउथवॉश तोंडात घोळवून थुंकावा. हा क्रम इतका स्वाभाविक वाटतो की त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. परंतु फ्लोराइड, म्हणजे दातांना किडीपासून वाचवणारे द्रव्य, असलेली टूथपेस्ट वापरणाऱ्या माणसाने हा क्रम पाळला, तर दोन मिनिटे दात घासून मिळवलेल्या लाभाचा मोठा भाग पुढच्या अर्ध्या मिनिटात बेसिनमध्ये वाहून जातो.

उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. रात्री झोपण्यापूर्वी प्रथम दातांच्या फटी साफ कराव्यात, मग जीभ, आणि शेवटी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. फेस थुंकून टाकावा, पण त्यानंतर चूळ भरू नये. माउथवॉश वापरायचाच असेल, तर त्यासाठी दिवसातली वेगळी वेळ ठरवावी. दुपारच्या जेवणानंतरची वेळ सर्वांत सोयीची पडते. वेगळी वेळ काढणे अगदीच अशक्य असेल, तर माउथवॉश दात घासण्याच्या आधी वापरावा. आणि डेंटिस्टने लिहून दिलेला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश असेल, तर त्याच्या आणि दात घासण्याच्या दरम्यान किमान अर्धा तास जाऊ द्यावा. हा शेवटचा नियम वेगळ्या कारणाने आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

दातांवर शेवटी काय राहते, हे महत्त्वाचे

आपण गोड किंवा पिष्टमय पदार्थ खातो तेव्हा दातांवरच्या चिकट थरातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच; हा आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या इनॅमलमधली, म्हणजे वरच्या कठीण कवचातली, कॅल्शियम आणि फॉस्फेट ही खनिजे विरघळू लागतात. त्यानंतर अर्ध्या ते एका तासात लाळ ते आम्ल सौम्य करते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही पुन्हा दातात बसतात. ही झीज आणि भरपाई दिवसभर आलटून पालटून चालू असते, आणि भरपाईपेक्षा झीज सतत जास्त होत राहिली की कीड लागते. लाळेत फ्लोराइड असले तर भरपाईला वेग येतो, आणि नव्याने बसलेली खनिजे आम्लाला अधिक दाद देईनाशी होतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचे खरे काम हे आहे. ब्रश थर खरवडून काढतो, तर पेस्ट मागे औषध ठेवून जाते.

आता आकडे पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त ठेवता येत नाही, आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट बहुधा या मर्यादेच्या जवळपास असतात. युरोपात आणि ब्रिटनमध्ये मोठ्यांसाठीच्या पेस्टमध्ये ते १३५० ते १५०० पीपीएम असते. याउलट रोज वापरायच्या फ्लोराइडयुक्त माउथवॉशमध्ये ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइड असते, म्हणजे फ्लोराइड सुमारे २२५ पीपीएम. दात घासल्यावर लगेच असा माउथवॉश घेतला की दातांवरचा जास्त तीव्रतेचा थर धुऊन त्याजागी चौथ्या हिश्शाइतक्या तीव्रतेचा द्रव येतो. माउथवॉशमध्ये फ्लोराइड नसेलच, तर तेवढेही राहत नाही. आणि साध्या पाण्याची चूळ भरणाऱ्याचीही तीच गत होते. जखमेला मलम लावून ते लगेच ओल्या फडक्याने पुसून टाकावे, तसा हा प्रकार आहे.

याबाबत सर्व संस्थांचे म्हणणे तंतोतंत एक नाही, हे नवख्या वाचकाला माहीत असलेले बरे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा स्पष्टपणे सांगते की दात घासल्यावर लगेच माउथवॉश वापरू नका, मग त्यात फ्लोराइड असले तरीही. जेवणानंतरसारखी वेगळी वेळ निवडा. अमेरिकन डेंटल असोसिएशन मात्र दात घासण्याआधी किंवा नंतर, दोन्हीला मुभा देते आणि बाटलीवरच्या सूचना पाळायला सांगते. माझा कौल पहिल्या बाजूला आहे. कारण साधे आहे: वेगळ्या वेळी वापरल्याने माउथवॉशचे काहीच नुकसान होत नाही, उलट दातांना दिवसातून एकदा जास्तीचे फ्लोराइड मिळते, लगेच वापरल्याने मात्र टूथपेस्टचे नुकसान होते.

आधी टूथपेस्टचे खोके उलटून पाहा

वर सांगितलेला सगळा हिशेब पेस्टमध्ये फ्लोराइड आहे हे गृहीत धरून केलेला आहे. आपल्याकडे वनस्पतिजन्य किंवा आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये आणि दंतमंजनांमध्ये फ्लोराइड नसते. म्हणून ट्यूबच्या किंवा खोक्याच्या मागची बारीक अक्षरे एकदा नीट वाचावीत. घटकांच्या यादीत सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी एखादे नाव असेल आणि जवळपास पीपीएमचा आकडा दिलेला असेल, तर ती पेस्ट फ्लोराइडयुक्त आहे. त्याच ठिकाणी वापराची मुदतही छापलेली असते. मुदत संपलेली पेस्ट वापरू नये, कारण काळाच्या ओघात तिच्यातले काम करणारे फ्लोराइड कमी होते.

पेस्टमध्ये फ्लोराइड नसेल, तर चूळ न भरण्यामागचे मुख्य कारणच उरत नाही. अशा माणसाने क्रमाची चिंता करण्याआधी पेस्ट बदलावी, असे मी आग्रहाने सांगेन. दातांना कीड लागू नये यासाठी घरच्या घरी करता येणाऱ्या गोष्टींत फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासण्याइतका भक्कम आधार दुसऱ्या कशालाच नाही, आणि कितीही महागडा माउथवॉश तिची जागा घेऊ शकत नाही.

इथे मशेरीविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत, विशेषतः बायकांमध्ये, सकाळी मशेरीने दात घासण्याची सवय अजून टिकून आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत. ती हिरड्यांना इजा करते, तिचे व्यसन लागते आणि तिच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दात साफ करण्याच्या उत्पादनांत तंबाखू घालण्यावर भारतात १९९२ सालापासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला ती बंदी कशी रोखणार? घरात कोणी मशेरी लावत असेल, तर त्या व्यक्तीचे तोंड डेंटिस्टकडून एकदा तपासून घ्यावे. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणे, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम यांपैकी काहीही दिसले, तर अजिबात थांबू नये.

रात्रीचा क्रम, पायरीपायरीने

दिवसातून एकदाच काळजीपूर्वक दात घासायला वेळ मिळत असेल, तर ती वेळ रात्रीची असावी. झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे दातांचे नैसर्गिक संरक्षण त्या काही तासांत सर्वांत दुबळे असते. आपल्याकडे नेमके उलटे घडते: सकाळचे दात घासणे कधी चुकत नाही आणि रात्रीचे सहज राहून जाते.

पहिली पायरी म्हणजे थोडे थांबणे. जेवणात सोलकढी, लिंबू, चिंचेचे सार, किंवा जेवणानंतर संत्रे-मोसंबे असे आंबट काही झाले असेल, तर लगेच ब्रश हातात घेऊ नये. आम्लामुळे इनॅमलचा वरचा पापुद्रा तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो आणि त्यावर ब्रश घासला की तो झिजतो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. पित्त होऊन उलटी झाली असेल तेव्हाही हाच नियम लागू होतो, कारण जठरातले आम्ल लिंबापेक्षा कमी जहाल नसते. एरवी जेवण आणि झोप यांत तसेही तास-दोन तासांचे अंतर असते, म्हणून ही पायरी फारशी जड जात नाही. जेवणानंतरची बडीशेप, गूळ, साखर घातलेले दूध हे सगळे दात घासण्याच्या आधी उरकावे.

दुसरी पायरी फटींची. ब्रशचे केस दोन दातांच्या मध्ये पोहोचत नाहीत, आणि मोठ्या माणसांत कीड व हिरड्यांचे आजार बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. फ्लॉस, म्हणजे फटींतून फिरवायचा बारीक दोरा, आधी की ब्रश आधी, हा प्रश्नही नेहमी विचारला जातो. जर्नल ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी या नियतकालिकात २०१८ साली इराणमधील दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधी फ्लॉस आणि मग ब्रश या क्रमाने फटींतला थर अधिक निघाला आणि तिथे फ्लोराइडही जास्त राहिले, असे आढळले. अभ्यास लहान होता, म्हणून त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत; पण तर्कालाही हाच क्रम पटतो. फटीत अडकलेला ऐवज आधी सैल झाला की ब्रश तो बाहेर काढतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत पेस्ट शिरते.

फ्लॉस वापरण्याची रीत एकदा हाताला बसली की दोन-तीन मिनिटांत काम होते. सुमारे ४५ सेंटिमीटर दोरा घ्यावा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळावा आणि मध्ये बोटभर दोरा ताणून धरावा. दोन दातांमध्ये तो करवतीसारखा मागेपुढे हलवत अलगद उतरवावा. झटक्याने खाली दाबला तर हिरडी कापली जाते. खाली पोहोचल्यावर दोरा एका दाताला कवेत घेईल असा वळवावा, हिरडीच्या कडेखाली किंचित सरकवावा आणि दाताला चिकटून वरखाली फिरवावा. मग तोच दोरा शेजारच्या दाताच्या बाजूला वळवून तसेच करावे. पुढच्या फटीसाठी दोऱ्याचा कोरा भाग पुढे घ्यावा. ज्यांच्या फटी मोठ्या आहेत, किंवा ज्यांना दाताला पूल बसवलेला आहे, त्यांना दोऱ्यापेक्षा फटीत फिरवायचा छोटा ब्रश अधिक उपयोगी पडतो. त्याचे माप डेंटिस्टकडून ठरवून घ्यावे. टाचणी, सेफ्टी पिन आणि आगपेटीची काडी यांनी दात कोरण्याची सवय मात्र कायमची सोडावी.

पहिल्या काही दिवसांत हिरड्यांतून थोडे रक्त येते आणि नवखे लोक घाबरून तिथेच थांबतात. थांबू नये. ते रक्त बहुधा हिरडी आधीच सुजलेली असल्याची खूण असते, आणि रोज फट साफ होऊ लागली की आठवडाभरात ते कमी होत जाते. दोन आठवड्यांनंतरही येतच राहिले, तर मात्र तपासून घ्यावे.

तिसरी पायरी जिभेची. पुष्कळ जण जीभ सर्वांत शेवटी घासतात. मी ती ब्रशच्या आधी घेतो, कारण जीभ घासली की तोंडात लाळ आणि चिकटा जमा होतो आणि चूळ भरल्याशिवाय चैन पडत नाही. ती चूळ दात घासण्याच्या आधीच भरलेली बरी. स्टीलची किंवा तांब्याची पट्टी मागून पुढे हलक्या हाताने तीन-चार वेळा ओढावी आणि दर वेळी धुऊन घ्यावी. उमासे येईपर्यंत मागे जाण्याची गरज नसते. आता पाण्याने मनसोक्त चुळा भराव्यात, कारण यानंतर ती संधी नाही.

चौथी पायरी प्रत्यक्ष दात घासण्याची. ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा असावा. मोठ्यांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते; जाहिरातीत दाखवतात तसा ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा नागमोडी पट्टा लागत नाही. ब्रश फार ओला करू नये, नाहीतर फेसच जास्त होतो आणि काम झाल्यासारखे वाटून हात लवकर थांबतो. चार्ल्स बास या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास सांगितलेली आणि आजही शिकवली जाणारी पद्धत अशी: ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ४५ अंशांत टेकवावेत आणि जागच्या जागी अगदी छोट्या हालचालींनी थरथरवावेत. एका जागी दहाएक हालचाली झाल्या की पुढच्या दोन-तीन दातांवर सरकावे. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग हा क्रम कायम ठेवावा, म्हणजे काही सुटत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूकडे. जिभेखालची लाळ तिथे सतत साचते, म्हणून कीटणही (दगडासारखा कडक झालेला थर) तिथे लवकर धरते. बोटाचे टोक त्या दातांच्या मागून फिरवून पाहिले तर खडबडीत थर हाताला लागतो. तिथे ब्रश उभा धरावा आणि त्याच्या टोकाकडच्या केसांनी वरखाली हालचाल करावी. कीटण एकदा घट्ट बसले की ब्रशने किंवा माउथवॉशने निघत नाही, ते डेंटिस्टकडेच काढून घ्यावे लागते. दात घासताना जोर लावू नये. ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. घड्याळ लावून एकदा दोन मिनिटे मोजून पाहावीत. ती वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात.

पाचवी पायरी थुंकण्याची, आणि सगळ्या क्रमाची किल्ली तिच्यात आहे. फेस नीट, दोन-तीनदा थुंकावा. ओठ आणि हनुवटी ओल्या हाताने पुसावी. तोंडात पाणी घेऊ नये. लहानपणापासून तांब्याभर पाण्याने चुळा भरत आलेल्या माणसाला हे पहिले काही दिवस फार विचित्र वाटते. तोंडात पेस्टची चव रेंगाळते आणि काहीतरी अर्धवट राहिल्यासारखे वाटते. ज्यांना ते सहनच होत नाही, त्यांनी पेस्टचे प्रमाण कमी करावे, सौम्य चवीची पेस्ट निवडावी, किंवा सुरुवातीला ओंजळभर पाण्याऐवजी घोटभर पाण्याची एकच चूळ भरावी आणि हळूहळू तीही सोडावी. थुंकल्यानंतर जी थोडीशी पेस्ट उरते ती मोठ्या माणसाला अपायकारक नसते. यानंतर अर्धा तास काही पिऊ नये आणि सकाळपर्यंत पाण्याशिवाय दुसरे काही घेऊ नये.

सकाळी चहाआधी की चहानंतर?

सकाळी हाच क्रम आटोपशीर करून पाळता येतो. फ्लॉस दिवसातून एकदा, रात्री केलेला पुरतो. दात न्याहारीच्या आधी घासावेत, हे मला अधिक योग्य वाटते. रात्रभर साठलेला थर साखरेच्या चहाशी गाठ पडण्यापूर्वीच निघून जातो, आणि न्याहारीसोबत फळांचा रस वगैरे झाल्यावर लगेच दात घासण्याचा प्रश्नही येत नाही. मात्र थुंकून झाल्याबरोबर चहाचा कप तोंडाला लावू नये. आंघोळ, पूजा, मुलांच्या शाळेची तयारी यांपैकी काहीतरी मध्ये ठेवले की वीस-तीस मिनिटे सहज जातात.

माउथवॉशची वेळ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्याचे दात आणि हिरड्या चांगल्या आहेत, जो दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासतो आणि फटीही साफ करतो, त्याला माउथवॉशची गरज बहुधा नसते. वापरला तर बिघडत नाही, पण तो ब्रशला पर्याय नाही, कारण दाताला चिकटलेला थर द्रव घोळवून निघत नाही. दातांना तारा लावलेली मुले, वारंवार कीड लागणारी माणसे, आणि औषधांमुळे किंवा मानेच्या-तोंडाच्या किरणोपचारांमुळे तोंड कोरडे पडणारे रुग्ण यांना मात्र फ्लोराइडच्या माउथवॉशचा खरा फायदा होतो.

तो दुपारच्या जेवणानंतर घ्यावा. आधी साध्या पाण्याने चूळ भरून अन्नकण काढावेत. मग बाटलीच्या झाकणातल्या खुणेपर्यंत, बहुतेक उत्पादनांत १० मिलीलिटरच्या आसपास, द्रव मोजून घ्यावा. पाणी मिसळायला बाटलीवर सांगितले नसेल तर मिसळू नये. तोंड मिटून तो अर्धा ते एक मिनिट दोन्ही गालांतून आणि दातांच्या फटींतून जोराने घोळवावा आणि थुंकावा. मान मागे टाकून घशात गुळण्या करण्याचे कारण नाही. औषध दातांपर्यंत आणि हिरड्यांपर्यंत पोहोचायला हवे. घसादुखीसाठी मिळणारे आयोडीनचे गुळण्यांचे औषध वेगळे असते, त्याची आणि याची गल्लत करू नये. थुंकल्यावर पाण्याची चूळ भरू नये आणि अर्धा तास खाणेपिणे टाळावे.

कामाच्या ठिकाणी हे जमत नसेल, तर संध्याकाळी घरी आल्यावरची वेळही चालते. आणि दात घासल्यावर काहीतरी खळखळवल्याशिवाय राहवतच नाही, अशी ज्यांची सवय पक्की आहे, त्यांनी पाण्याऐवजी निदान फ्लोराइडचा माउथवॉश वापरावा. ती सर्वोत्तम रीत नाही, पण साध्या पाण्यापेक्षा नक्कीच बरी.

दुकानात मिळणारे सगळे माउथवॉश एकाच कामाचे नसतात. काही केवळ तोंडाला तासभर सुगंध देतात. काहींत सेटिलपिरिडिनियम क्लोराइड हे जंतुनाशक असते किंवा थायमॉल, मेंथॉल, युकॅलिप्टॉल अशी तेले असतात. ती जंतूंचा थर आणि हिरड्यांची सूज काही अंशी कमी करतात. यांत फ्लोराइड असेलच असे नाही, म्हणून त्यांना दात घासल्यावर लगेच वापरणे सर्वांत तोट्याचे. तेलांच्या काही प्रकारांत अल्कोहोलचे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक असते. कोरडे तोंड, तोंडातले छाले, किंवा दारू सोडण्याचा प्रयत्न यांपैकी काही असेल, तर अल्कोहोलविरहित बाटली निवडावी. तोंडाला सतत दुर्गंधी येते म्हणून माउथवॉश घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की त्या दुर्गंधीचे मूळ बहुधा जिभेच्या मागच्या भागात किंवा हिरड्यांच्या आजारात असते, आणि सुगंधाने ते झाकले जाते, बरे होत नाही.

क्लोरहेक्सिडिनचा नियम वेगळा

हिरड्यांचा आजार, दाताची शस्त्रक्रिया किंवा रोपण अशा वेळी डेंटिस्ट ०.२ किंवा ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश लिहून देतात. हे खरे औषध आहे आणि ते औषधासारखेच ठरावीक दिवस, सहसा एक ते दोन आठवडे, घ्यायचे असते. बरे वाटते म्हणून स्वतःहून महिनोन्‌महिने चालू ठेवू नये: दातांवर तपकिरी डाग पडतात, काही दिवस चव बदलते आणि कीटण लवकर धरते. चहा-कॉफीने डाग आणखी वाढतात, म्हणून ती या औषधानंतर काही वेळ टाळावीत.

क्लोरहेक्सिडिन धन विद्युतभाराचे रसायन आहे आणि पेस्टला फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट ऋण भाराचे. दोन्ही तोंडात एकत्र आले की एकमेकांना बांधून घेतात आणि औषधाचा जोर उतरतो. सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेटशीही त्याचे असेच वैर आहे. म्हणून दात घासल्यानंतर हा माउथवॉश घेण्यापूर्वी किमान अर्धा तास थांबावे, आणि जमल्यास दोन तासांचे अंतर ठेवावे. हा माउथवॉश चालू असेपर्यंत दात घासल्यावर पाण्याने चूळ भरायची की नाही, हे ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांनाच विचारावे. काही उत्पादनांच्या सूचनेत तोंड आधी पाण्याने धुवायला सांगितलेले असते, आणि त्या थोड्या दिवसांपुरते हिरडीच्या औषधाला प्राधान्य देणे योग्यच आहे. औषध घेतल्यावर अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर ते ताबडतोब बंद करून दवाखाना गाठावा. असे क्वचित घडते, पण घडते.

दात काढल्यानंतर पहिले चोवीस तास कोणताच माउथवॉश घेऊ नये आणि जोराने चूळही भरू नये. खळगीत धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर तीव्र वेदना होतात आणि जखम भरायला उशीर लागतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार चुळा भराव्यात.

घरातली मुले

पहिला दात उगवला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट द्यावी. मुलाला थुंकायला शिकवावे. तोपर्यंत ब्रश मोठ्यांनी धरावा आणि पुढेही सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा. सहा वर्षांखालील मुलांना माउथवॉश देऊ नये, कारण ती तो गिळतात. त्यापुढच्या वयातही तो डेंटिस्टच्या सल्ल्याने आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावा.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी आणि बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. कायमचे दात आत तयार होत असण्याच्या वयात पोटात जास्त फ्लोराइड गेले की त्या दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके उमटतात. अशा गावांतल्या पालकांनी गावच्या पाण्याची तपासणी झाली आहे का, याची ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात चौकशी करावी आणि मुलांची पेस्ट, तिचे प्रमाण आणि माउथवॉश या तिन्ही गोष्टी डेंटिस्टला विचारूनच ठरवाव्यात. तिथल्या मुलांनी पेस्ट गिळू नये याकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे.

ब्रशचे केस वाकडे झाले की, आणि नाही झाले तरी तीन-चार महिन्यांनी, नवा ब्रश घ्यावा. वापरलेला ब्रश धुऊन, झटकून, उभा आणि उघडा वाळू द्यावा. ओला ब्रश टोपणात बंद करून ठेवू नये.